कुंकवाखालचा आकडा

माझ्या अंगावर कुंकू दिसतं म्हणून मला देवघरातली वस्तू समजू नका, मित्रांनो. मी एक जुनी हार्डडिस्क आहे. एका हातात मावते, पण दिसते त्यापेक्षा जड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं आणि लोक देतील ते जपून ठेवायचं, हे माझं काम. आता माझ्याकडे जपायला कुणी काही देत नाही. धामणगाव बढे गावातल्या एका घरात मी कोनाड्यात पडून असते. माझ्या हातून एक फार मोठी गोष्ट गेली. त्यात माझी चूक किती आणि दुसऱ्यांची किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं धुळीचा एक कणही चालत नसे. पुढे मी जिथं आयुष्य काढलं, तिथं धुळीला काही तोटा नव्हता. माझ्या पोटात गुळगुळीत गोल चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावर अलगद फिरणारी एक दांडी दिली. कपाळावर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर माझी कुवत छापली, तीन टीबी. त्या काळी तीन टीबी म्हणजे काही चेष्टा नव्हती. खोक्यात बंद होताना मी चांगलीच फुगले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ते खोकं मलकापूरच्या बाजारात उघडलं ते गोविंदाभाऊंनी. धामणगावच्या बसस्टँडजवळ त्यांचा करिष्मा फोटो स्टुडिओ आहे. करिष्मा हे त्यांच्या मुलीचं नाव. गोविंदाभाऊ म्हणजे आवाज मोठा, मन हळवं आणि कामाला कायम घाई. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि गाव येईपर्यंत खाली ठेवलं नाही. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "शालू, आता धा वर्षं पाह्याचं काम नाई. समदं गाव मावते हिच्यात."

गाव खरंच माझ्यात मावलं. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेची गॅदरिंग, निवृत्तीचे निरोपसमारंभ. लग्नं तर इतकी आली की सगळीकडे तोच नवरदेव फिरतोय असं मला वाटायचं. हळदीत तेच गाणं, वरातीत तोच घोडा. मी तक्रार केली नाही. प्रत्येकाला आपलंच लग्न पहिलं वाटतं, आणि तसं वाटू द्यावं.

पण माझ्या अगदी सुरुवातीच्या भागात एक गोष्ट होती, जी सांगून कुणी करून घेतली नव्हती. ती म्हणजे गावचा पोळा.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली की सजवलेले बैल मैदानात तोरणाखाली रांगेनं उभे राहतात. मग आमच्या वऱ्हाडाच्या रीतीप्रमाणे झडत्या होतात. झडती म्हणजे बैलावर, शेतावर, गावातल्या माणसांवर तालात जोडलेल्या दोनचार ओळी. म्हणणारा शेवटच्या शब्दाला हात उंच करतो आणि सारा गाव एका दमात ओरडतो, "हर हर महादेव!" झडती चांगली असली तर त्या आवाजानं बैल बिचकतात.

धामणगावात झडती म्हणावी ती रामरावआबांनी. तीन एकर शेती, एक बैलजोडी, शाळा दुसरीपर्यंत. वखर चालवता चालवता ते ओळी जुळवत आणि पोळ्यापर्यंत कुणाला ऐकवत नसत. कागदावर तर कधीच उतरवली नाही. "लिहिली का झडती थंडी होते," असं ते म्हणायचे. गोविंदाभाऊंना त्यांचं भारी वेड. ते दरवर्षी कॅमेरा घेऊन समोर उभे राहत. आबा आधी डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे पाहत आणि विचारत, "चालू हाय ना बे तुहा डब्बा? मंग म्हनतो."

असे सहा पोळे माझ्यात होते. कुणी ऑर्डर दिलेली नव्हती, म्हणून कुणाला त्याची कॉपीही दिलेली नव्हती. संध्याकाळी काम संपलं की गोविंदाभाऊ ते लावून बसत. आबांचा हात वर गेला की स्टुडिओत एकटेच "हर हर महादेव" ओरडत आणि मग माझ्यावर थाप मारून म्हणत, "लय सोनं हाय बाई तुह्यापाशी." मला फार बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

दसऱ्याला माझी पूजा होई. स्टुडिओतले कॅमेरे, दिवे, तिपाया पुसून पाटावर मांडत आणि सोबत आम्हा डिस्कांनाही ओळीनं ठेवत. गोविंदाभाऊ पाण्यात कुंकू कालवून प्रत्येकीच्या कपाळावर स्वस्तिक काढत, वर हळद, अक्षता, आपट्याचं पान. दरवर्षी जुन्या स्वस्तिकावर नवं स्वस्तिक. ते पुसायचं नाही, असा त्यांचा नेम. त्या ओल्या कुंकवाखाली आमच्या चिठ्ठ्या हळूहळू लाल होऊन गेल्या. एका दसऱ्याला शालूबाई म्हणाल्या, "अहो, पेनानं लिहून तरी ठेवा, कोन्तीत काय हाय ते."

"पुजेच्या वस्तूवर पेन चालवत असतात का?" गोविंदाभाऊ म्हणाले. "मले समद्या तोंडपाठ हायेत."

मित्रांनो, त्या वेळी मलाही शालूबाईच नतद्रष्ट वाटल्या होत्या. इतक्या मायेनं लावलेलं कुंकू कुणाचं वाईट करील, असं मनातही आलं नाही.

सहाव्या पोळ्यानंतरच्या हिवाळ्यात रामरावआबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जो माणूस सगळ्या गावाला ओरडायला लावायचा, त्याला पाणी मागता येईना. पुढच्या पोळ्याला त्यांना खुर्चीत बसवून मैदानात आणलं. कुणीतरी पोरासोरांनी इकडची तिकडची झडती म्हटली, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. गोविंदाभाऊंनी तेही टिपलं. कॅमेरा आबांवर आला तेव्हा ते खाली बघत होते. मधली दोन वर्षं कोरोनामुळे पोळा भरलाच नाही, आणि नंतर भरला तेव्हाही आबा तसेच बसले होते. लोक येऊन पाया पडत आणि त्यांच्यासमोरच बोलत, "आता काई समजत नाई त्यायले."

तोवर मीही भरत आले होते. नव्या डिस्का आल्या, माझ्याहून लहान आणि चपळ. मला काढून फळीवर ठेवलं. तिथं आम्ही आठजणी होतो, सगळ्या कुंकवानं माखलेल्या, सगळ्या सारख्या. गोविंदाभाऊंचा हात आता फक्त दसऱ्याला लागायचा. त्यांना पन्नाशी लागली होती आणि तोंडपाठ असलेलं एकेक सुटत चाललं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, विजेचा दाब एकदम वाढला आणि स्टुडिओतला चांगला कॉम्प्युटर जळाला. अकरा लग्नं कॅमेऱ्याच्या कार्डांत अडकून पडली आणि ती रिकामी केल्याशिवाय बारावं लग्न घेता येईना. गोविंदाभाऊंनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. त्याला बाहेरून डिस्क जोडायची तर एक डबा लागतो. तसा एक जुना डबाही सापडला. आता हवी होती रिकामी डिस्क. फळीवर साडेसातशे जीबीची एक रिकामी डिस्क आहे, एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी हात घातला आणि मला उचललं.

डब्यात बसवून वायर लावताच मी फिरायला लागले. कित्येक महिन्यांनी अंगात जीव आला. पडद्यावर माझी कुवत उमटली, ७४६ जीबी.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण सगळं घोडं इथंच अडलं. त्या डब्याला दोन हजार अठ्ठेचाळीस जीबीपर्यंतच मोजता येत होतं. त्यापुढे गेलं की तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. जुन्या स्कूटरचा मीटर पाहिलाय ना, सगळे नऊ झाले की शून्यावर येतो? तसंच. कॉम्प्युटरच्या मापानं माझी कुवत दोन हजार सातशे चौऱ्याण्णव. त्यातले दोन हजार अठ्ठेचाळीस त्या डब्यानं गिळले आणि उरलेले सातशे सेहेचाळीस पडद्यावर दाखवले. माझ्यातलं काही त्या कॉम्प्युटरला वाचताही येईना, म्हणून त्यानं विचारलं, "ही डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल. करायची का?"

शालूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेच हाय ना ते? पाहून घ्या एक डाव."

"अवो, साडेसातशेचीच हाय. आकडा दाखवून राह्यली ना ते सोता," गोविंदाभाऊ म्हणाले. "रिकामी हाय, म्हणून तं वाचता येत नाई."

आणि त्यांनी 'हो' दाबलं.

मला ओरडता आलं असतं तर मी तो स्टुडिओ डोक्यावर घेतला असता. पण आम्हाला तोंड नसतं, मित्रांनो. मधला डबा आमच्याबद्दल जे सांगेल तेच तुम्ही खरं मानता. फॉरमॅट झालं. मग अकरा लग्नं एकामागून एक माझ्या सुरुवातीच्या भागावर उतरू लागली, जिथं आबा हात वर करून उभे होते. वाजंत्री, अक्षता, जेवणाच्या पंगती. मी सगळं निमूट लिहून घेतलं. सांगितलं ते लिहायचं, एवढंच मला येतं.

पोळ्याला दोन आठवडे असताना अर्पिता स्टुडिओत आली. ती रामरावआबांची नात, मोताळ्याला कॉलेजात जाते. कुणासमोरही मान खाली घालून बोलणारी पोर, पण त्या दिवशी ठरवून आलेली दिसत होती.

"गोविंदाकाका, आबाचे पोळ्याचे व्हिडिओ पाह्यजे होते. समदेच."

"काऊन वं? एकदम कशी याद आली?"

"यंदा तोरनाखाली झडत्या नाईत म्हनते. म्हननारं कोनी नाई तं डीजे लावू म्हनते मंडळ. मी त्यायले म्हटलं, मी म्हनतो आबाच्या झडत्या. पन मले येकबी पुरी येत नाई, काका. गावात समद्यायले विचारलं. कोनाले शेवटचा शब्द याद हाय, कोनाले निस्ता हसू आल्याचं याद हाय. मोबाइलात हायेत म्हने, तं येकाचा मोबाइल इहिरीत पडला अन् दुसऱ्याच्यात निस्ते बैल हायेत." मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, "अन् आबाले बी ऐकवाचं हाय. त्यायचा आवाज त्यायनं पाच वर्षांत ऐकला नाई."

गोविंदाभाऊंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "पोरी, येक नाई, सहा पोळे हायेत माह्यापाशी. तू बस."

नवा कॉम्प्युटर आला होता. फळीवरच्या डिस्का त्यांनी एकेक करून लावल्या. पहिलीत नाही, दुसरीत नाही. साडेसातशेची म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं होतं, मला लावून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. सातवी लावली, आणि पडद्यावर जे आलं ते पाहून त्यांचा चेहरा उतरला. ती रिकामी होती. रिकामी डिस्क तर एकच होती.

ते माझ्याकडे वळले. अंगठा जिभेला लावला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू घासायला सुरुवात केली. दहा-अकरा दसऱ्यांचं कुंकू, ते सहज निघेना. मग त्यांनी पाण्याचा ग्लास घेऊन थेंब टाकले. लाल पाणी टेबलावरून खाली ओघळलं. आधी तीनचा आकडा दिसला, मग त्याच्यापुढची अक्षरं.

गोविंदाभाऊ स्टुलावर मटकन बसले. "काय करून बसलो वं मी, शालू," एवढंच म्हणाले. अर्पिताला काही कळलं नाही. मग शालूबाईंनी तिला सगळं सांगितलं आणि ती तशीच उठून गेली. रडली असती तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गोविंदाभाऊ मला रुमालात गुंडाळून मलकापूरला फहीमकडे घेऊन गेले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील अब्दुल गनी तिथंच घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं टेबल फहीमनं अजून ठेवलंय आणि कामाची सवयही त्यांचीच उचलली आहे. आधी बराच वेळ नुसतं पाहतो, हात नंतर लावतो.

"काका, पयले हे सांगा," तो म्हणाला, "फॉरमॅट केल्यावर हिच्यात काई टाकलं का?"

"अकरा लग्नं."

फहीमनं डोळे मिटले. "या अल्ला."

मग तो कामाला लागला. गोविंदाभाऊंनी सोबत आणलेला तो डबा त्यानं लावून पाहिला, ७४६ आले. वायर बदलली, तरी ७४६. मग मला डब्यातून काढलं आणि थेट आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर माझा खरा आकडा आला, २७९४. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला माझ्या नावानं हाक मारली, असं वाटलं. पण त्याचा आता काय उपयोग होता?

"डिस्क खोटी नाई बोलली, काका. डब्ब्यालेच मोजता नाई येत," फहीम म्हणाला. "साडेसातशेची डिस्क कधीच सातशे सेहेचाळीस दाखवत नाई. ते सहाशे अठ्ठ्याण्णव दाखवते. हा आकडा पाहूनच हात थांबाले पाह्यजे होता."

"मले काय माहीत, बाप्पा," गोविंदाभाऊ म्हणाले. त्यांचा मोठा आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे.

फहीमनं माझ्यावर एक अक्षरही नवं लिहू दिलं नाही. तीन दिवस तो माझ्या चकत्यांचा कोपरा न् कोपरा वाचत होता. मला त्रास झाला, पण मनातून मी त्याला म्हणत होते, शोध बाबा, अजून खाली शोध. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन करून गोविंदाभाऊंना बोलावलं.

माझ्या मागच्या भागातलं जवळजवळ सगळं निघालं होतं. नंतरच्या वर्षांतली लग्नं निघाली. आबा खुर्चीत गप्प बसलेले पोळेसुद्धा निघाले, अगदी स्वच्छ. ज्या सहा पोळ्यांत आबा बोलत होते, तेच नेमके गेले होते. त्यातला एक तुकडा तेवढा दोन लग्नांच्या फटीत वाचला होता, अकरा सेकंदांचा.

त्या अकरा सेकंदांत काय होतं सांगू? झडतीचा शेवटचा शब्द होऊन गेलेला आहे. आबांचा हात वर आहे. गाव ओरडतं, "हर हर महादेव!" एक बैल मान झटकतो, घुंगरं वाजतात. आबा कॅमेऱ्याकडे बघून हसतात, आणि संपलं. गावाचं उत्तर राहिलं आणि आबांचे शब्द गेले.

फहीमनं तो तुकडा अर्पितासाठी गोविंदाभाऊंच्या मोबाइलवर घातला आणि मला त्यांच्या हातात दिलं. "हिले आता कामाले नका लावू, काका. थकली ते."

गोविंदाभाऊ मलकापूरहून परस्पर आबांच्या घरी गेले. आबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. अर्पिताची आई विमलबाई शेंगा फोडत होती. तिनं गोविंदाभाऊंना बसायला सांगितलं, पण म्हणाली, "त्यायले दाखवून काय करता, भाऊ? काई समजत नाई आता. उगाच जीव घाबरा होईल."

गोविंदाभाऊंनी ऐकलं नाही. ते आबांच्या पायाशी बसले आणि मला त्यांच्या चांगल्या हातात, डाव्या हातात, ठेवलं. "आबा, तुमचं समदं हिच्यात होतं. माह्या हातानं गेलं. मले काई बी म्हना." आबा काय म्हणणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोटं खडबडीत होती आणि गरम होती.

अर्पितानं मोबाइलवर ते अकरा सेकंद लावले. गावाचा आवाज ओसरीत घुमला. आबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. विमलबाईनं सुस्कारा टाकला. अर्पितानं पुन्हा लावायला बोट पुढे केलं, आणि त्याच वेळी आबांचं एक बोट माझ्या पत्र्यावर वाजलं. टक. मग पुन्हा. टक टक, टक टक. एक ओळ झाली. थोडं थांबलं. दुसरी ओळ झाली. मग बोट थांबलं, हात माझ्यासकट वर गेला आणि आबा अर्पिताच्या मोबाइलकडे पाहू लागले. ते गावाच्या उत्तराची वाट पाहत होते.

"आई!" अर्पिता ओरडली. "आबा म्हनून राह्यले! पाह्य ना, बोटानं म्हनून राह्यले! त्यायले समदं याद हाय!"

विमलबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. पाच वर्षं त्या माणसाच्या समोर सगळ्यांनी, तिनंही, काय काय बोलून घेतलं होतं! ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. ती पदरात तोंड घालून रडू लागली. आणि मला पडद्यावर कमी दाखवलेला माझा आकडा आठवला.

त्या पोळ्याला डीजेच वाजला. पण दुसऱ्या दिवसापासून अर्पिता आबांसमोर वही घेऊन बसू लागली. मी आबांच्या डाव्या हाताखाली खुर्चीच्या दांडीवर असे. ती एकेक शब्द विचारायची. बरोबर असला तर आबा माझ्यावर टिचकी मारायचे, टक. नसला तर गप्प. "मधात माहा बैल?" गप्प. "मधात माहा ढवळ्या?" गप्प. "मधात माहा नंदी?" टक. गावातल्यांना शेवटचा 'मंडी' हा शब्द आठवत होता, त्यावरून ती मागं मागं सरकत गेली. कधी एका शब्दाला चार दिवस लागत. आबा थकत, चिडत, मला ढकलून देत. एकदा मी फरशीवर पडले आणि माझा कोपरा चेपला. मला त्याचं काही वाटलं नाही. आता माझ्याकडून कुणाला काही वाचायचं नव्हतं. नुसतं वाजायचं होतं, आणि ते मला जमत होतं.

गोविंदाभाऊ दर रविवारी येत आणि शब्द सुचवत. दिवाळीनंतर एक झडती पुरी झाली.

काळी माती, पांढरा कापूस, मधात माहा नंदी,
याच्या खांद्यावर उभी हाय मलकापूरची मंडी!

ती पूर्ण वाचून दाखवली तेव्हा आबांनी मला इतक्या जोरानं वाजवलं की त्यांचं नख दुखावलं. मग दुसरी सुरू झाली. तिची पहिली ओळ लवकर आली, पळसाच्या पानावर वाढला पुरनाचा घास. दुसरी ओळ मात्र येईना. गोविंदाभाऊंनी घासाला जुळणारे सगळे शब्द सांगून पाहिले. "वास? रास? आस? कास?" आबा गप्प. नुसतं गालात हसत होते. काहीतरी वेगळंच होतं त्यांच्या मनात, कुणाला न सुचणारं.

पौषात एका सकाळी त्यांना दुसरा झटका आला. अर्पिता वही घेऊन बाहेर आली तेव्हा आबांचा हात माझ्यावरच होता. तिनं विचारलं, "आबा, आज करू ना दुसरी ओळ?" टिचकी आली नाही.

आबा गेले. सहा पोळ्यांच्या झडत्या, एका माणसाचं सगळं आयुष्य, आणि त्यातून हाती लागली दीड झडती.

यंदाच्या पोळ्याला अर्पिता तोरणाखाली उभी राहिली. पोरीबाळींनी झडती म्हणायची रीत नाही, म्हणून काही म्हातारे कुरकुरले. ती ऐकून घेऊन उभीच राहिली. तिच्या हातात मी होते. समोर कॅमेरा घेऊन गोविंदाभाऊ होते. तिनं त्यांच्याकडे पाहून विचारलं, "चालू हाय ना, काका?" आणि गोविंदाभाऊंनी डोळे पुसत मान हलवली. तिनं पहिली झडती म्हटली. गाव ओरडलं. मग तिनं दुसरी सुरू केली, "पळसाच्या पानावर वाढला पुरनाचा घास..." आणि थांबली. पुढे तिनं स्वतःचं काही जोडलं नाही. दुसऱ्या ओळीचा ताल तेवढा तिनं बोटानं माझ्यावर वाजवला. मैदानात तो कुणालाही ऐकू गेला नसेल. ताल संपला, तिनं हात वर केला, पण शब्दच न आल्यानं ओरडायचं की नाही, ते गावाला कळेना. मग गोविंदाभाऊंचा जुना मोठा आवाज आला, "हर हर महादेव!" आणि त्यांच्यामागून साऱ्या गावाचा.

आता गोविंदाभाऊ दसऱ्याला कुंकू कोपऱ्यात लावतात. प्रत्येक डिस्कच्या कडेला पेनानं नाव आणि कुवत लिहितात आणि महत्त्वाचं ते दोन ठिकाणी ठेवतात. चांगलं आहे. उशिरा आहे, पण चांगलं आहे.

मित्रांनो, मायेच्या वस्तूवर तिचं नाव लिहायला लाजू नका. पडद्यावर आकडा दिसला म्हणून लगेच 'हो' दाबू नका. तो आकडा कोण मोजतंय, त्याला मोजता येतं का, हे आधी बघा. आणि तुमच्या घरात कुणी न बोलणारं माणूस खुर्चीत बसलेलं असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याच्या हाताखाली काहीतरी वाजणारं द्या आणि विचारा. अर्पितानं विचारलं, पण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पाच वर्षं उशीर लावला.

ती अजूनही कधी कधी मला कोनाड्यातून काढते आणि माझ्यावर टिचकी मारून विचारते, "काय होती वं दुसरी ओळ?" मला सांगता येत नाही. एकेकाळी ती माझ्यातच होती. आता त्या जागेवर कुणाच्या तरी वरातीतला घोडा नाचतो आहे.